सार्वजनिक रान: धोकादायक झाडं, विरळणी आणि पुढची पिढी

रानवाट
वस्तीला लागून असलेलं बारा हेक्टरचं मिश्र रान, मालकी सगळ्यांची. मधून दोन पायवाटा, एका कडेला मुलांचं मैदान. जुनी झाडं पुष्कळ. काही पोकळ, काही उभ्या उभ्या वाळलेली. समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, वाळकं ते सगळं पाडा, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर? दुसरा म्हणतो, रानाला हात लावू नका. दोन्ही बाजूंकडे मोजमाप काहीच नाही. सुरुवात कुठून करायची, आणि पन्नास वर्षांनी रान राहील याची तजवीज कशी करायची? जाणकारांनी लिहावं.

पाचर
सुरुवात नकाशापासून, कुऱ्हाडीपासून नाही. झाड एकटं धोकादायक नसतं. खाली माणूस, बाक किंवा रस्ता असला की धोका. म्हणून आधी वापरानुसार पट्टे पाडा. मैदानाची कड, प्रवेशाची जागा, बाक, बाहेरचा रस्ता हा पहिला पट्टा. पायवाटा दुसरा. उरलेलं आतलं रान तिसरा. पट्ट्याची रुंदी कडेच्या सगळ्यात उंच झाडाएवढी धरा, कारण पडलं तर तेवढंच पोचणार.

पहिल्या पट्ट्यातलं प्रत्येक मोठं झाड वर्षातून एकदा, दुसऱ्यातलं दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि दोन्हीकडे मोठ्या वादळानंतर एक फेरी. तिसऱ्यात झाडवार तपासणी नको, तिथे वाळकी झाडं उभी राहू द्या. एक वर्ष पानगळीत आणि एक वर्ष पान भरलेलं असताना असं आलटून पालटून बघा. पानगळीत बेचकी आणि भेगा दिसतात, पान असताना शेंड्याची मरगळ दिसते.

असं केलं की बारा हेक्टरांतलं तपासायचं क्षेत्र खूपच आटतं आणि दोन्ही तटांचं भांडणही तेवढ्याच पट्ट्यापुरतं उरतं.

उंबरमाया
पाचर यांच्याशी सहमत. झाडाकडे बघायचं कसं, हे जरा विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक लोक मान वर करून शेंडा बघतात आणि खरी गोष्ट पायाशी असते.

खालून वर जायचं. आधी बुंध्याभोवती एक पूर्ण चक्कर. जमीन एका बाजूला फुगलीय का, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग आहे का? झाड कललेलं असेल तर कल जुना की नवा हे ओळखा. जुना कल असेल तर खोड खाली तिरपं आणि वर वळून सरळ झालेलं दिसतं, तलवारीसारखं. झाडाने स्वतःला सावरलेलं असतं. नवा कल असेल तर खोड बुडापासून शेंड्यापर्यंत काठीसारखं सरळ आणि सगळंच्या सगळं तिरकं, कलाच्या उलट बाजूला माती फाटलेली. हे दुसरं दिसलं तर त्याच दिवशी वाट बंद करा. त्यात वाट बघण्यासारखं काही नाही.

मग बुंध्यावर फळीसारखी कडक आळंबी. ही मुळाशी किंवा बुंध्यात लाकूड कुजत असल्याची खूण. आळंबी वाळून गळून पडते, कुज मात्र आतच राहते. म्हणून दिसली त्या दिवशी फोटो आणि जागा टिपून ठेवा.

लाकडी मोगरीने खोड ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, साल सुटलेली किंवा भिंत पातळ असली तर ढप्प आवाज येतो. खोलवरची कुज याने कळत नाही, पण पुढे कुठे बघायचं ते कळतं.

वर बेचकं बघा. इंग्रजी 'यू'सारखं ऐसपैस बेचकं मजबूत असतं. 'व्ही'सारखं चिमटलेलं असेल आणि दोन खोडांच्या मध्ये साल आत दबलेली दिसत असेल, तर तिथे लाकूड लाकडाला जुळलेलंच नसतं. अशा बेचक्याच्या खाली उभी भेग दिसली की ते पहिल्या रांगेतलं प्रकरण.

आणि लांब, आडव्या, जड फांदीखाली बाक नको. उन्हाळ्यातल्या निवांत दुपारी, वारा नसताना, वरून धडधाकट दिसणारी फांदीही तुटते.

कोरडा_ओढा
पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड, ते आधी काढा. साधा हिशोब आहे.

पाचर
@कोरडा_ओढा, हिशोब मांडूनच बघू. झाडाचा जिवंत भाग सालीखालच्या पातळ थरात असतो. मधला गाभा मेलेलाच असतो, त्याचं काम फक्त आधाराचं. आता नळी आणि भरीव दांडा यांची तुलना करा. व्यासाच्या ७० टक्के पोकळी असली तर वाकण्याविरुद्धची ताकद ०.७ च्या चौथ्या घाताने कमी होते, म्हणजे साधारण २४ टक्के. ८० टक्के पोकळीला ४१ टक्के, ९० टक्क्यांना ६६ टक्के. ७० पर्यंत घट सोसण्यासारखी असते, पुढे वक्ररेषा कोसळते.

झाडांच्या ताकदीचे अभ्यासक, जर्मनीच्या क्लाउस मॅटेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या झाडांच्या नोंदींवरून हाच आकडा मांडला: शाबूत भिंतीची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट तरी हवी. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाची त्रिज्या ३०, तर भिंत ९ सेंटिमीटर. जाडी मोजायला बारीक सुईचं ड्रिल वापरतात. पण उगाच दहा ठिकाणी भोकं पाडू नका, प्रत्येक भोक आतल्या कुजीला बाहेर यायची वाट करून देतं.

उंबरमाया
यात एक पुस्ती. हा आकडा बंद नळीसाठी आहे. ढोलीला मोठं तोंड असेल तर नळी एका बाजूने चिरल्यासारखी होते आणि भिंत जाड असूनही खोड पिळवटून फाटतं. उलट फार जुनं, बुटकं, शेंडा आखडलेलं झाड पातळ भिंतीवरही अनेक वर्षं उभं राहतं, कारण वारा अडवणारं वरचं शीडच, म्हणजे शेंड्याचा पसारा, लहान असतो. आकड्यावरून फक्त संशय घ्यायचा, निकाल लावायचा नाही.

रानवाट
समजा झाड संशयित ठरलं. मग पाडायचंच का?

पाचर
पाडणं हा शेवटचा पर्याय. त्याआधीचे क्रमाने सांगतो.

पहिला, खालचा माणूस हलवा. बाक पंधरा मीटर सरकवणं किंवा वाटेला वळण देणं हे झाड पाडण्यापेक्षा स्वस्त आणि कायमचं काम आहे. जुन्या वाटेच्या तोंडावर नुसती पाटी लावली तर लोक जातातच. तिथे फांद्यांचा ढीग टाका, काटेरी झुडूप लावा, आणि नवी वाट जुनीपेक्षा चालायला सोपी करा.

दुसरा, वाटेच्या बाजूच्याच वाळक्या फांद्या काढा. आतल्या बाजूच्या राहू द्या.

तिसरा, शेंड्याचा भार कमी करा. उंची थोडी घटली तरी बुडावरचा ताण बराच उतरतो, कारण वारा सगळ्यात जास्त वरच लागतो.

चौथा, तीन-चार मीटरचं खोड उभं ठेवून वरचं काढा. हे खोड कुणाच्या अंगावर पडणार नाही आणि सुतार पक्षी, पिंगळा, भुंगे, मधमाश्या यांची घरं टिकतील. आतल्या रानात माझ्या मते हेक्टरी पाच-सात जाड मेलेली खोडं उभी किंवा आडवी असायला हवीत. जाडच हवीत, बारीक काटक्यांचा ढीग त्यांची जागा घेत नाही, आणि वणव्याला मात्र तोच आवडतो.

आंबेमोहोर_नव्हे
फांदी कापल्यावर जखमेला गेरू, डांबर, रंग यांतलं काय लावायचं?

उंबरमाया
काहीच नाही. झाड जखम भरत नाही, ती कोंडून टाकतं: कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेचे वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. रंगाखाली ओल टिकते आणि कुजीला सोय होते.

महत्त्व कापायच्या जागेला. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर गळपट्टी असते. भिंती उभारणारं लाकूड तिथलं. खोडाला घासून सपाट कापलं की गळपट्टी जाते आणि कुज थेट खोडात शिरते. उलट वीतभर खुंटी ठेवली तर ती वाळते आणि कुज तिच्यातून आत जाते. गळपट्टीच्या लगेच बाहेर, तिला न दुखावता कापायचं.

जड फांदीला तीन काप. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या चार-पाच सेंटिमीटर बाहेर, वरून. फांदी तिथेच मोडून पडते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. तिसरा उरलेली खुंटी काढायचा. पहिला काप आळसाने टाळला की खोडाची हातभर साल ओरबाडून निघते, आणि ती जखम झाडाला आयुष्यभर पुरते.

दहा सेंटिमीटरहून जाड फांदी शक्यतो कापूच नका, एवढं तोंड बुजायला फार वर्षं लागतात.

लांबकरवत
झाड पाडण्यावर मी लिहितो. चेनसॉ न शिकलेल्याने हातात घेऊ नये, हे आधीच लिहून ठेवतो. स्वयंसेवकांना दहा सेंटिमीटरपर्यंतची रोपटी हातकरवतीने कापणं, पाला ओढणं, वाटेवर पहारा देणं एवढंच द्या. तेही काम थोडं नाही.

कामाला दोन माणसं तरी हवीत. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात पाडणाऱ्याखेरीज कुणी नको, आणि प्रत्येक वाटेवर दोन्ही टोकांना माणूस उभा. पाडायच्या दिशेच्या मागे तिरप्या, ४५ अंशांच्या, दोन पळवाटा आधीच साफ करून ठेवायच्या. झाड हललं की मान वर करून बघत उभं राहायचं नाही, निघायचं.

चाळीस सेंटिमीटरच्या खोडाला पडायच्या बाजूने आठ ते दहा सेंटिमीटर खोल खाच. मागून कापत यायचं आणि खाचेपाशी चार सेंटिमीटर लाकूड सोडायचं. ही बिजागरी. झाड कुठे पडणार ते तीच ठरवते. ती आरपार कापली की झाड त्याला वाटेल तिकडे जातं. एका टोकाला जाड आणि एका टोकाला पातळ झाली तर जाड बाजूकडे ओढलं जातं.

वाळक्या झाडात ही बिजागरी वाकत नाही, कचकन तुटते. पाचर ठोकताना शेंडा हादरून वरची फांदी डोक्यात येते. म्हणून जुनं वाळकं झाड दोर लावून लांबून ओढावं किंवा यंत्राने पाडावं. ते हिरव्यापेक्षा अवघड काम आहे, आणि लोक ते सोपं समजून शिकाऊ माणसाला देतात.

झाड दुसऱ्या झाडात अडकलं तर खाली जायचं नाही आणि आधार देणारं झाड कापायचं नाही. बुडाला दोर बांधून मागे ओढा. त्याच दिवशी जमलं नाही तर तेवढी जागा दोरीने बंद करा.

वादळात मुळासकट उपटलेलं झाड सगळ्यात फसवं. आडवं खोड कापलं की वजन जातं आणि मुळांचा तो भलामोठा गड्डा दाणकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात लहान मुलं डोकावायला जातात. कापण्याआधी खड्डा रिकामा आहे हे स्वतः जाऊन बघा आणि गड्ड्याला आधार द्या.

वाकून ताणलेल्या खोडात दाबाची बाजू आधी थोडी कापा, मग ताणाची. उलट केलं तर खोड उभं चिरत येतं.

रानवाट
लांबकरवत, हे छापून समितीच्या भिंतीवर लावतो. आता दुसरा प्रश्न. रान हिरवंगार दिसतं, मग पुढच्या पन्नास वर्षांची काळजी कशाला, असं बरेच जण म्हणतात.

चंद्रकोर
हिरवं दिसणं आणि टिकणं यांचा संबंध नाही. म्हाताऱ्यांचंच गाव दुरून भरलेलं दिसतं. रानात वीस सेंटिमीटरच्या खालची झाडंच नसतील तर ते मरायला लागलेलं आहे, फक्त सावकाश. मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून मोजायचं कसं ते सांगते.

नकाशावर सारख्या अंतराची जाळी टाका आणि छेदबिंदूंवर बारा गोल नमुने घ्या. त्रिज्या १२.६२ मीटर ठेवली की एक गोल ५०० चौरस मीटरचा होतो. बारा गोल म्हणजे ०.६ हेक्टर, तुमच्या रानाचे ५ टक्के. 'चांगली' जागा बघून नमुना घेऊ नका, जाळी जिथे पडेल तिथेच. मध्ये लोखंडी गज ठोका, पाच वर्षांनी तोच सापडला पाहिजे.

छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजा. भारतात ही उंची १.३७ मीटर धरतात, बऱ्याच देशांत १.३. कोणतीही धरा, पण दरवेळी तीच. खोडावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवा. तळक्षेत्र म्हणजे त्या उंचीवर खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. ते काढायला मीटरमधल्या घेराचा वर्ग गुणिले ०.०८. ९४ सेंटिमीटर घेर म्हणजे ३० सेंटिमीटर व्यास, ०.०७ चौरस मीटर.

याच गोलाच्या मधोमध ५.६४ मीटर त्रिज्येचा लहान गोल, १०० चौरस मीटरचा. त्यात रोपटी मोजायची: गुडघ्याखालची, गुडघा ते छाती, छातीवरची. बारीक पुष्कळ, मधली कमी, जाड थोडी, असा उतार दिसला तर ठीक. गुडघ्याखाली शेकडो आणि छातीवर शून्य असेल तर बी रुजतंय, पण कुणीतरी खातंय किंवा सावली मारतेय.

आंबेमोहोर_नव्हे
खातंय की सावली, हे कसं ओळखायचं?

चंद्रकोर
पाच बाय पाच मीटरचे जोड चौकोन घ्या. एकाला कुंपण, शेजारचा उघडा. दोन वर्षं थांबा. कुंपणातली रोपं वाढली आणि बाहेरची खुरटली तर चराई हे कारण. दोन्हीकडे खुरटली तर उजेड किंवा झुडपांची दाटी. असे तीन-चार जोड ठिकठिकाणी केलेत की समितीतला अर्धा वाद मिटतो. झाडं लावण्याचा कार्यक्रम याच्या आधी घेऊ नका. जिथे आपोआप आलेलं रोप जगत नाही तिथे लावलेलंही जगणार नाही.

घाणेरीची दाटी असेल तर वरून कापू नका, दुप्पट फुटते. मातीखाली चार-पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं ठेवा, फळं धरायच्या आधी. सुरुवात कमी दाटीच्या भागातून करा. गच्च भागातून केली तर उघड्या जमिनीवर पुन्हा तिचंच बी रुजतं. आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षं फिरत राहावं लागतं, बी तिथेच पडतं.

कोरडा_ओढा
लाकूड काढायचं असेल तर किती?

चंद्रकोर
वाढीपेक्षा कमी. समजा पहिल्या मोजणीत सगळ्या झाडांचं मिळून हेक्टरी तळक्षेत्र १८ चौरस मीटर आलं आणि पाच वर्षांनी १९.५. वाढ दीड. त्यातलं एक काढायचं ठरलं तर ३० सेंटिमीटर व्यासाची हेक्टरी चौदा झाडं. पहिल्या पाच वर्षांत मात्र काही काढू नका, कारण वाढीचा आकडाच हातात नसतो. धोक्यासाठी पाडलेलं झाडही याच कोट्यातून वजा करायचं. ते लोक विसरतात.

लांबकरवत
विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, एका वेळी तळक्षेत्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. दाट वाढलेली झाडं उंच आणि किरकोळ असतात, एकमेकांना टेकून उभी. १८ मीटर उंची आणि २० सेंटिमीटर व्यास म्हणजे गुणोत्तर ९०. ८० च्या वर गेलं की झाड वाऱ्याला कच्चं समजा. शेजारी एकदम काढले की पहिल्याच वादळात रांग झोपते. दोन-तीन हप्त्यांत करा, आणि बाहेरची वाऱ्याकडची कड हलवूच नका.

तोडलेल्या खुंटातून फुटव्यावर वाढणारी झाडं असतील तर त्या भागाचे तुकडे पाडा आणि दरवर्षी एकच तोडा. तीन हेक्टर, पंधरा वर्षांचं चक्र, तर वर्षाला ०.२ हेक्टर. खुंट जमिनीलगत, पाणी ओघळेल असा तिरपा, धारदार हत्याराने. नंतर दोन-तीन वर्षं गुरं पूर्ण बंद, नाहीतर खुंटच मरतो.

उंबरमाया
वाटेच्या कामात मुळं मरतात, हेही लिहायला हवं. मुळांचा मोठा भाग वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतो. व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदकाम, यंत्र, मातीचा ढीग काही नको. ५० सेंटिमीटरच्या झाडाला सहा मीटर. चर खणला तर झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी वादळात आडवं होतं आणि चर कुणाला आठवत नाही.

वणवाविरोधी
जाळरेषेबद्दल, म्हणजे आग अडवायला झाडून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आग चढावर वेगाने जाते, दर १० अंशांच्या चढाला वेग साधारण दुप्पट. म्हणून रेषा उताराच्या मधोमध मारून उपयोग नाही, माथ्यावर किंवा माथ्याच्या किंचित पलीकडे मारा. पाला नुसता बाजूला सारायचा नाही, माती दिसेपर्यंत झाडायचा, आणि झाडलेला पाला रेषेला लागून ढिगाने ठेवायचा नाही. कडेच्या झाडांच्या दोन मीटरपर्यंतच्या वाळक्या फांद्या आणि वेली काढा, त्यांची शिडी करूनच आग शेंड्यात जाते. पानगळ संपली की दुसरी फेरी हवीच. आणि वाटांवर क्रमांकाचे खांब लावा. आग असो की जखमी माणूस, फोनवर 'मोठ्या झाडापाशी' सांगून कुणी पोचत नाही.

रानवाट
वाटणीचं काय? लाकूड निघालं की भांडण.

पाचर
स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाची पद्धत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासामुळे सगळीकडे माहीत झाली. त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे कापायची झाडं गावाचा अधिकारी आधी खूण करून ठेवायचा. घरांच्या टोळ्या तोड, ओढणी आणि रचणी वाटून घ्यायच्या, शक्य तितके सारखे ढीग लावायच्या, आणि मग चिठ्ठ्या टाकून ढीग वाटले जायचे. आपला ढीग कोणता हे माहीत नसल्यामुळे रचताना कुणी लबाडी करत नाही.

रचलेले ओंडके मात्र कमरेच्या वर नको आणि दोन्ही बाजूंना खुंट ठोका. मुलं चढतातच.

कोरडा_ओढा
नोंद कुणी ठेवायची? आणि झाड ओळखायचं कसं?

पाचर
एक वही आणि एकच जबाबदार माणूस. झाडाचा क्रमांक, तारीख, काय दिसलं, काय ठरलं, कधीपर्यंत, केलं त्याची तारीख. 'काही करायचं नाही' असं ठरलं तर तेही कारणासकट लिहा. उद्या काही घडलं तर तपासलं होतं याचा पुरावा तेवढाच. किती वाऱ्याच्या इशाऱ्याला वाट बंद करायची तो आकडाही पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा, वादळाच्या दिवशी बैठक जमत नाही.

क्रमांकाचा बिल्ला अ‍ॅल्युमिनियमच्या खिळ्याने, सगळ्या झाडांना एकाच दिशेला लावा, म्हणजे शोधाशोध होत नाही. खिळा पूर्ण ठोकू नका, दोन सेंटिमीटर बाहेर ठेवा. खोड जाड होतं आणि बिल्ला गिळून टाकतं.